शिरूरचा फेटा, दौंडचा वर्ग

पुणे सोडतानाच मी थकलेला होतो. आमच्या विद्यापीठाने क्वांटम कॉम्प्युटिंगचं शिक्षण तालुक्यांपर्यंत न्यायचं ठरवलं आहे. शिरूर आणि दौंड मिळून एकच केंद्र होणार होतं, आणि ते कोणत्या कॉलेजला द्यावं याची शिफारस माझ्याकडे होती. दोन्ही ठिकाणं पाहायची, घरी येऊन शांतपणे लिहायचं, एवढंच काम. ते मी शिरूरलाच बिघडवलं.

कॉलेजच्या गेटवर फ्लेक्स होता. त्यावर माझा जुना, डोक्यावर केस असलेला फोटो. संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, स्वतः उभे होते. आधी लॅब बघू, म्हटलं.

"लॅब कुठं पळून जातीय? आधी सत्कार. पाव्हण्याला उघड्या डोक्यानं फिरवत न्हाई आम्ही."

फेटेवाला तयारच होता. मग शाल, श्रीफळ, खचाखच भरलेला हॉल. साधा कॉम्प्युटर शून्य किंवा एक धरतो, क्वांटम कॉम्प्युटर मात्र मोजेपर्यंत दोन्ही एकत्र धरतो, असं मी सांगत होतो. आप्पांनी माइक ओढला.

"म्हंजी एकाच टायमाला हो आन् न्हाई? हे तर आमी निवडणुकीत कवापासून करतोय!"

हॉल हसून लोटपोट. "सर, जाता जाता पोरांसाठी दोन शब्द!" आप्पांनी माइक परत माझ्यापुढे धरला. फेटा कपाळाला आवळत होता, समोर एवढे चेहरे, आणि मी बोलून गेलो, "केंद्र तुमच्याकडेच होईल." टाळ्या थांबेनात. लॅब मी अजून पाहिलीही नव्हती.

खाली उतरताना एका मुलीने अडवलं. "सर, नक्की ना? एमएस्सीला पुण्याला ॲडमिशन घेणार होते. आता न्हाई घेत, इथंच थांबते." मी मान डोलावली.

दौंडकडे निघालेल्या एसटीचं टायर भीमेचा पूल ओलांडल्यावर बसलं. समोरच गुऱ्हाळ होतं. दोन्ही बाजूंना वाळत घातलेली चिपाडं आणि गोड, जड धूर. गुळव्याने (गूळ करणाऱ्या कारागिराने) सगळ्यांना कपातून गरम काकवी दिली. माझ्या काखेतला फेटा पाहून कंडक्टर म्हणाला, "पाव्हणं, फेटा काखंत आन् तोंड असं पडल्यालं? लगीन मोडलं का काय?" सगळे हसले. मीही हसलो. काकवीचा कप तसाच खाली ठेवला.

चौफुला, पाटस करत संध्याकाळी दौंडला पोचलो. गेटवर कुणी नव्हतं. तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या साधना मॅडम वर्गातच होत्या. मी मागच्या बाकावर बसलो. बरीच मुलं कुरकुंभच्या कंपन्यांतून, पहिल्या पाळीवरून थेट आलेली, अंगावर कंपनीचा शर्ट तसाच. पाळी दर आठवड्याला बदलते, म्हणून मॅडम एकच धडा आठवड्यात तीनदा घेतात. कुठल्याही पाळीवाल्याला एक तरी गाठता येतो.

तांबारलेल्या डोळ्यांच्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, मोजलं की मोडतंय, तर मोजायचंच कशाला?"

"पगार न मोजता खिशात घालतोस का रे?"

झोपाळू वर्ग जागा झाला.

केंद्र आलं तर या मुलांना इंटरनेटवरून खऱ्या क्वांटम यंत्रावर काम करता येणार होतं आणि कायम शिक्षक मिळणार होता. नाही आलं, तर पुढच्या वर्षी मॅडमचे तासही बंद.

वर्ग सुटल्यावर त्यांनी चहा आणला. "सर, फेटा शोभत होता तुम्हाला." सत्काराचा व्हिडिओ दुपारीच त्यांच्या ग्रुपवर आला होता.

"मग केंद्र गेलं हे कळूनही वर्ग का घेतलात?"

"पोरं आली होती ना. माघारी जा म्हणू?" त्या थांबल्या. "एकच विचारते. लॅब बघून बोललात का?"

"नाही," मी म्हणालो. त्या कप उचलून आत गेल्या.

स्टेशनवरून मी शिरूरला फोन लावला. "आप्पा, मी चुकीचं बोललो. मी शिफारस दौंडची करतोय."

पलीकडून मोठं हसू. "एवढंच व्हय? मला वाटलं फेटा हरवला! अवो सर, स्टेजवरचं कोण धरून बसतंय? फेटा बांधला की समदेच शब्द देत्यात. बिनघोर जावा."

डोक्यावरचं ओझं उतरायला हवं होतं. पुण्याच्या गाडीत बसलो, बाहेर ऊस अंधारात बुडत गेला, आणि मला ती मुलगी दिसत राहिली. माझा शब्द खरा धरणारी बहुधा ती एकटीच. तिचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं.

घरी फेटा पाहून बायको म्हणाली, "कुणाचं लग्न होतं?" मी फेटा कपाटावर ठेवला. जेवण झाल्यावर दौंडची शिफारस लिहून पाठवली. ती बरोबर आहे, याबद्दल मला शंका नाही. पण बरोबर निर्णयाने आधी दिलेला शब्द पुसला जात नाही, तो कुणाकडे तरी जाऊन परत मागावा लागतो.

सोमवारी पुन्हा शिरूरच्या एसटीत बसणार आहे. त्या मुलीला शोधायचं आणि सांगायचं, पुण्याची ॲडमिशन सोडू नकोस. आप्पांना कळवलेलं नाही. कळवलं, तर गेटवर फेटेवाला उभा असेल.