साध्या जॉइनने गायब केलेली म्हैस

मंडळी, आज मी आमच्या गुरांच्या दवाखान्याच्या कॉम्प्युटरमधून एक जिवंत म्हैस गायब केली.

शिबिरात कोणाला लस द्यायची, ती यादी मी मालक, जनावरं आणि लसीकरण ही माहितीची तीन टेबलं जोडणाऱ्या क्वेरीने काढली होती. सकाळी कोरीट गावचे सुकलाल आबा म्हैस घेऊनच दारात उभे. "यादीमा नाव नही म्हने! हाई देख, जित्ती शे!"

मग उजेड पडला. साधा जॉइन तिन्ही टेबलांत नोंद असेल तरच नाव घेतो, त्यामुळे फक्त आधीच लस घेतलेली जनावरं यादीत आली होती!

पहिल्या जोडणीला लेफ्ट जॉइन, म्हणजे पुढच्या टेबलात नोंद नसली तरी नाव ठेवणारा, लावला, म्हैस येईना. लसीकरणाच्या टेबलाच्या जोडणीलाही लावला, तेव्हा आली. लसीचा रकाना मात्र रिकामा.

आबा म्हणाले, "मंग भर ना तो!"

डॉक्टर मॅडमनी अंगणातच सुई टोचली. लाथ मला बसली.

तुमच्या क्वेरीने कोणाला गायब केलंय?