उंबऱ्यावरचा तांब्या

नातीच्या नीटच्या क्लाससाठी लातुरात खोली केलीय. ती अभ्यास करते, मी भाकरी करते. परवा क्लासमधून आली अन् पुस्तकं पिशवीत कोंबायला लागली.

"आज्जे, मी घरी मुखेडला चालले. डोक्यात काहीच शिरून न्हाई राहिलं. उद्याच्या टेस्टमधे हसं होण्यापेक्षा गेलेलं बरं."

"जा की. पण काय शिरून न्हाई राहिलं, ते तरी सांगून जा."

चिडून तिनं चित्र दाखवलं. मेंदूतल्या दोन पेशी, न्यूरॉन म्हणे. एकीतून विजेसारखा संदेश धावत येतो, पण दोघी एकमेकींना शिवतच नाहीत, मधे बारीक फट.

"मग तो पलीकडं जातो कसा, तेच ध्यानात राहत न्हाई!"

मला हसूच फुटलं. लग्न होऊन मुखेडजवळच्या खेड्यात आले, तेव्हा महिन्याच्या त्या दिवसांत मी परसात बाहेर बसायची. कुणाला शिवायचं नाही. सासूबाई लगबगीनं उंबऱ्यापर्यंत यायच्या, पाण्याचा तांब्या ठेवायच्या, मागं सरायच्या. मग मी तो उचलायचा. अन् मी कसली शहाणी! एकदा तहानेच्या भरात त्यांच्या हातातूनच ओढला. भर थंडीत त्यांना डोक्यावरून आंघोळ, चूल थंड, अन् सगळं घर माझ्याकडं असं बघून राहिलं, जसं काही मी बैल विकून खाल्ला.

हे सांगितलं तशी नात मटकन खाली बसली.

"थांब, आज्जे! विजेचा संदेश उंबऱ्यापाशी थांबतो. तिथं पेशी रसायन सोडते..."

"तो तांब्या."

"पलीकडची ते घेते, अन् तिच्यात नवा संदेश सुरू! उरलेलं पहिली परत ओढून घेते, न्हाईतर संदेश थांबणारच न्हाई."

"सासूबाईपण पाणी शिंपडून तांब्या लगेच आत न्यायच्या. न्हाईतर मी पीतच बसले असते."

ती रीत गेली, लई बरं झालं. पण तांब्यावरच्या वाटीत त्या गुपचूप गुळाचा खडा ठेवायच्या. तोंडानं कधी गोड बोलल्या नाहीत. मला येडीला वाटायचं, मुंग्यांसाठी ठेवतात.

पिशवीतली पुस्तकं बाहेर आली. नातीनं चहा केला, कप उंबऱ्यावर ठेवला अन् मागं सरून उभी राहिली.

"हं, उचल आता."

"अन् गूळ?" मी विचारलं.