सफ्ताआत्याच्या बापाचं पातेलं
मक्याची शेतं मागे पडली, तरी सफ्ताआत्या ओझं दुसऱ्याच्या हातात द्यायला तयार नव्हती. फडक्यात बांधलेलं तांब्याचं पातेलं पोटाशी धरून ती चालत होती. मागोमाग इलिंका. शहरातल्या, माणसांच्या छळाच्या आणि संहाराच्या खुणा जपणाऱ्या संग्रहालयात ती कामाला होती. पातेलं तिथे द्यायचं आत्यानं कबूल केलं होतं.

"द्या ना आत्या, थोडा वेळ."

"तुझे हात लोण्याचे. मी तांबटाची लेक आहे."

पातेलं तिच्या बापानं घडवलेलं. महायुद्धाच्या साली सगळी रोमा वस्ती, म्हणजे ही जिप्सी माणसं, गाड्यांत कोंबून बुग नदीकाठी नेऊन टाकली होती. नदी डोळ्यांसमोर, पण शिपाई पाण्याला जाऊ देईनात. बाप भर उन्हाळ्यात तहानेनं गेला. मेलेल्याची वस्तू रोमा घरात ठेवत नाहीत. जाळतात, नाहीतर नदीत सोडतात, म्हणजे मेलेला परत येत नाही. पण पुढे हिवाळ्यात बर्फ वितळवून पोरांना पाजायला आईनं पातेलं ठेवून घेतलं, आणि ते राहिलंच. पुढे आत्यानं संसार केला, दारोदार फिरून भांड्यांना कल्हई केली, एक लेक आणि नवरा पुरला. दर वेळी खापर पातेल्यावरच फुटलं.

आता तर वस्तीच्या फाटकांवर कुणी पांढऱ्या फुल्या मारून गेलं होतं. पुतण्या म्हणाला, "तुझा बाप हिंडतोय, आत्या. बुडव ते."

वाटेतल्या नदीच्या पुलावर आत्या थांबली. फडकं सोडून तिनं पातेलं कठड्याबाहेर धरलं. इलिंकानं मनातल्या मनात देवमातेचं नाव घेतलं.

तेवढ्यात समोरून एक मोटार येऊन मंदावली. काच खाली करून कुणी ओरडलं, "ए म्हातारे, राहू दे ते! बुगला परत धाडू तेव्हा लागेल!" आतले खिदळले. गाडी वस्तीच्या दिशेनं निघून गेली.

आत्यानं पातेलं आत ओढलं.

"ऐकलंस? नदीचं नाव पाठ आहे मेल्यांना. फुल्या मारायला माझा बाप नव्हता आला, पोरी."

पहिल्यांदाच तिनं पातेलं इलिंकाच्या हातात दिलं. ते तिच्या अंगानं ऊबदार झालं होतं.

"काचेत ठेव, लोकांना बघू दे. फक्त रोज तिन्हीसांजेला त्यात घोटभर पाणी घाल. तहानलेला गेलाय तो. आमच्यातलं विचारायला कुणी उरलं नाही, तरी घाल."