नारळाआधी निघालेला कागद

आमच्या अंबडच्या कारखान्यात खंडेनवमीला लेथपासून स्टेपलरपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं, तसं प्रिंटरलाही. पूजा झाली की यंत्रांना विश्रांती. दसऱ्यानंतर मालक येऊन नारळ फोडेपर्यंत कोणी कशाला हात लावायचा नाही. प्रिंटरचं नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण सगळ्या ऑफिसचे कागद सर्व्हरवर येऊन रांग लावतात आणि तिथून प्रिंटरकडे जातात. म्हणून ती रांगच कमांड लिहून थांबवायची. ते काम माझ्याकडे होतं.

मला ते शिकवलं चाचांनी. सिस्टिम सांभाळणारे, जुन्या नाशकातले, सगळं ऑफिस त्यांना चाचाच म्हणे. मुलं मोठी झाल्यावर नोकरीला लागलेली मी. माउस नाही, चित्रं नाहीत, नुसता काळा स्क्रीन बघून मला घाम फुटायचा. एकदा दोन शब्दांत जागा सोडायची राहिली आणि मशीनने कमांड नाकारली.

"एवढंसुद्धा समजत नाही का मेल्याला?" मी चिडले.

"तो काय तुमचा नवरा आहे ताई, न सांगता समजायला?"

"नवऱ्याला तर सांगूनही समजत नाही."

चाचा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग म्हणाले, "एकच लक्षात ठेवा. पहिले विचारायचं, मग हुकूम करायचा." म्हणजे आधी lpstat लिहून रांगेत कोण कोण उभं आहे ते बघायचं, मगच कोणाला हात लावायचा.

त्या वर्षी दसरा झाला, कारखाना उघडला आणि मालक मुंबईहून येताना कसाऱ्याच्या घाटात अडकले. चाचा भाचीच्या लग्नाला मालेगावला. कागद येत नाही म्हटल्यावर आमच्या लोकांना एकच उपाय ठाऊक: पुन्हा प्रिंट द्या. डिस्पॅचवाल्यांनी मालासोबत द्यायची तीच ती चलनं इतक्यांदा पाठवली की रांग मारुतीच्या शेपटासारखी वाढत चालली.

अशात आमचा एक फिटर दारात येऊन उभा राहिला. चांदवडकडचा, कधी कामाशिवाय न बोलणारा.

"ताई, माझं पत्र निघंल का? बायकोचं ऑपरेशन हाय. विम्यासाठी कंपनीचं सही-शिक्क्याचं पत्र पाहिजे, मोबाइलवरचं चालत नाय म्हणतात. दुपारनंतर डॉक्टर नाय. मंग पुढल्या आठवड्यावर जाईल. तिला लय दुखतंय हो."

पत्र तयार होतं. एचआरच्या बाई जाता जाता प्रिंट देऊन गावी गेल्या होत्या, पण तोवर रांग थांबलेली. त्यांच्या संगणकाचा पासवर्ड कोणाकडे नाही, फोन लागत नाही. सही करायला मॅनेजर तयार होते, रांगेचं म्हणाल तर, "नारळ फुटू द्या, मग बघू." मालकांचा फोन घाटात रेंजच्या बाहेर. मी अजून कायम झालेली नव्हते. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू.

मी चाचांना फोन लावून सगळं सांगितलं. मागे वऱ्हाडाचा गलका.

"यंत्राची पूजा झाली ना?" चाचांनी विचारलं.

"झाली."

"मग ते कामाला राजी आहे. पण एकदम रांग उघडू नका, नाहीतर आधी सगळी चलनं निघतील. त्याचा कागद पुढे घ्या. लिहा, एलपी, जागा सोडा, डॅश आय, जागा, कागदाचा नंबर, जागा, डॅश क्यू, जागा, शंभर."

शंभर म्हणजे सगळ्यात मोठा मान. मी आधी विचारलं. पत्र चलनांच्या गर्दीत सापडलं. त्याला शंभर दिले. पुन्हा विचारलं, तर ते सगळ्यांच्या पुढे उभं! मग cupsenable लिहून रांग उघडली. प्रिंटर घरघरला, पत्र बाहेर आलं आणि मी लगेच cupsdisable लिहून रांग परत थांबवली. तेवढ्यात एक चलन अर्धवट अडकलंच. मॅनेजरांनी सही करून शिक्का ठोकला आणि फिटर पळाला.

थोड्याच वेळात मालक आले. नारळ फोडण्याआधी प्रत्येक यंत्राला हात लावून नमस्कार करायची त्यांची पद्धत. प्रिंटरवर हात ठेवला आणि थबकले.

"हा गरम कसा?"

मी सगळं सांगितलं. "मग मुहूर्त झालाच की," म्हणाले आणि नारळ फोडला. ते त्या दिवशी एक शब्द वेडावाकडा बोलले असते तर मी पुन्हा त्या काळ्या स्क्रीनसमोर बसले नसते. चाचांचे आणि त्यांचे उपकार मी मानते, मनापासून मानते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फिटरचा फोन आला. ऑपरेशन नीट झालं होतं. त्याने फोन बायकोच्या कानाला लावला. मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. काय बोलावं ते सुचेना, म्हणून विचारलं, "काही खाल्लंत का?"

"मला अजून नुसतं पाणीच देत्यात," ती खोल गेलेल्या आवाजात म्हणाली. "तुम्ही जेवल्या का, ताई?"