म्यूटवरचं गाऱ्हाणं

मी फोन खाली ठेवते तो फक्त कणीक मळताना. तेव्हाही पालथा नाही, उताणा. म्हणजे स्क्रीन उजळली की हात पिठात असले तरी कोणाचं काय आलं ते वाचता येतं. घराण्याचा ग्रुप, गावच्या वाडीचा, बिल्डिंगचा, शाळेचा, ऑफिसचा, शिवाय एक मासळीवालीचा. ती सकाळी टोपलीचा फोटो टाकते, आणि बाकीच्या बायका चष्मा शोधेपर्यंत मी सुरमई सांगून मोकळी झालेली असते. कधी कधी फोन न वाजताच वाजल्यासारखा वाटतो आणि मी आंघोळीतून अर्धवट बाहेर येते. "लग्न केल्यान नाय, संसार सगळो त्या फोनात मांडल्यान," असं आई आल्यागेल्याला सांगते. सांगू दे. संसार बरा चाललाय.

आमचा गणपती लालबागलाच असतो. आजोबांना मिलमध्ये गावी जायला रजा मिळेना, तेव्हा त्यांनी देवालाच इकडे आणला. चाळ पडली, टॉवर उभा राहिला, देव आमच्यासोबत लिफ्टने वर आला. आरती झाली की घरातला मोठा माणूस देवापुढे हात जोडून गाऱ्हाणं घालतो. म्हणजे सगळ्या घराच्या वतीने देवाशी बोलतो, मालवणीत, अगदी समोरासमोर. त्याचं एकेक वाक्य संपलं की बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. आजोबांनंतर हे काम बाबांचं. बाबांचा आवाज असा की खालच्या मजल्यावरचेही आपल्या घरात बसून "व्हय म्हाराजा" म्हणायचे.

यंदा तो आवाजच बसला. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. भिण्यासारखं काही नाही, पण आवाज पूर्वीसारखा होईल असं नाही, जपून बोला, म्हणाले. बाबा घरी आले. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "गाराणा कोण घालतलो?" आम्ही विषय बदलला. मी मात्र मनाशी ठरवलं की यंदाचं बाबांचं गाऱ्हाणं स्वच्छ रेकॉर्ड करून ठेवायचं, मग चिंता नाही.

घराण्याच्या ग्रुपवर मी आधीच सूचना टाकली: गाऱ्हाणं व्हिडिओ कॉलवर दाखवणार आहे, रेकॉर्डही करणार आहे, बाबांचा आवाज बारीक आहे, तरी मध्ये कोणीही बोलू नये, बाहेरच्यांनी म्यूटवर राहावं. पटापट अंगठे आले. एकेक अंगठा येताना फोन टुंग करायचा आणि मला कोण आनंद व्हायचा.

चतुर्थीची आरती झाली. बाबा पुढे सरकले, हात जोडले. "बा देवा म्हाराजा," त्यांनी खरखरत सुरुवात केली, "वर्साप्रमाणे तुझी लेकरा तुझ्या पायाशी जमली हत. त्यांची सेवा मानून घे रे म्हाराजा."

आणि थांबले.

खोलीत चिडीचूप. आत्या, काका, चुलतभाऊ, त्याची मुलगी, सगळी माझ्या आज्ञेत. चुलतभाऊ तर श्वास रोखून, कॉल लावलेला त्याचा फोन धरून उभा. बाबा वाट बघत राहिले. गाऱ्हाण्यात उत्तर आल्याशिवाय पुढचं वाक्य घेतच नाहीत, आणि हे मला, आयुष्यभर ते उत्तर देत आलेल्या बाईला, त्या क्षणी सुचलं नाही. बाबांनी मान वळवली. "काय रे, मूग गिळून बसलात काय सगळे?"

"काका, रेकॉर्डिंगमध्ये आवाज मिक्स होतो ना," चुलतभाऊ हळूच म्हणाला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. टुंग.

"ता काय?" बाबांनी विचारलं.

मी बघितलं. सांगावं की नाही कळेना. "दुबईहून," मी म्हटलं. दुबईला माझा धाकटा चुलतभाऊ असतो. "त्याने 'व्हय म्हाराजा' टाईप केलंय. हात जोडलेले पण आहेत."

आधी आत्या हसली, मग सगळेच. बाबाही हसले, पण हसता हसता त्यांना खोकला लागला आणि डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी नुसतं खोकल्याचं नव्हतं, हे मला कळलं. उरलेलं गाऱ्हाणं त्यांनी दोन वाक्यांत उरकलं. आम्ही "व्हय म्हाराजा" म्हटलं, पण उशीर झाल्यासारखं. खुर्चीत बसताना ते मला म्हणाले, "गौरीवांगडा देव जातलो, तेव्हा तू घाल." म्हणजे गौरींसोबत विसर्जन होईल तेव्हा, मध्ये जेमतेम काही दिवस.

माझी पाचावर धारण बसली. रेकॉर्डिंगमध्ये तर हशा आणि खोकलाच जास्त. दुसऱ्या दिवशी मी बाबांपाशी बसले आणि सांगा म्हटलं, लिहून घेते. ते वैतागले. "लिवन काय घेतस? घराची खबर देवाक देवची आणि मागूचा ता मागूचा. पाठ करूक ती काय कविता आसा?"

विसर्जनाच्या दिवशी उत्तरपूजा झाली आणि बाबांनी मला पुढे केलं. "चेडवान घालूचा?" आत्येने विचारलं. रागाने नाही, सवयीने; आमच्याकडे मुलीने गाऱ्हाणं कधी घातलंच नव्हतं. बाबा म्हणाले, "सगळ्यांची खबर तिकाच आसा."

दोन्ही हात जोडायचे म्हणजे फोन ठेवणं आलंच. तो फ्रीजवर ठेवला. माझी मालवणी मुंबईतच वाढलेली, तरी तोंड उघडलं. "बा देवा म्हाराजा, आत्येच्या गुडघ्याचा ऑपरेशन दिवाळीनंतर आसा, तिका चालती कर रे म्हाराजा." अख्खी खोली दणक्यात म्हणाली, "व्हय म्हाराजा." आत्येने डोळे मोठे केले. तिने हे फक्त तिच्या मैत्रिणीला सांगितलं होतं, आणि ती मैत्रीण माझ्या बिल्डिंगच्या ग्रुपवर आहे. मग काय, मी सुटलेच. चुलतभावाच्या मुलीची मुलाखत, दुबईवाल्याचा व्हिसा, गावच्या घराची गळणारी कौलं, तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या सुनेचे दिवस भरत आलेले, काकांची साखर आणि ते चोरून खातात ते पेढे. प्रत्येकाला "व्हय म्हाराजा" मिळालं, पेढ्यांना जरा जास्तच. एवढी ताजी बातमी देवाला आमच्या घरातून कधी मिळाली नसेल. मला मजा येऊ लागली होती.

शेवटी एकच राहिलं. "आणि देवा म्हाराजा," मी म्हटलं, "आमच्या बाबांचो आवाज…"

आई पदर तोंडाशी धरून उभी, चुलतभाऊ जमिनीकडे बघतोय. मागणं अर्धंच राहिलं होतं, त्याला उत्तर तरी कोण देणार.

मागून, खुर्चीतून, फाटक्या आवाजात, पण होता तेवढा सगळा जोर लावून बाबा म्हणाले, "व्हय म्हाराजा."