दोन वजा

माझा भाऊ शिंपी. मी त्याची थोरली बहीण, त्याच्याकडेच काजं-बटणं करते. त्याला एकच मुलगी, दहा वर्षांची. अंगाने काटकुळी आणि बोलायला टोकदार, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणतात. ती चार वर्षांची असताना तिची आई गेली. तेव्हापासून पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत घर आणि मध्ये आम्ही तिघं, असा आमचा संसार चालला आहे.

भाऊ शाळेचे गणवेश शिवतो. गल्लीच्या टोकाला चौथीपर्यंतची शाळा आहे. तिथल्या बहुतेक पोरांच्या अंगावर त्याच्याच हातचे शर्ट असतात. पोरांची नावं त्याच्या लक्षात राहत नाहीत. "तो अठ्ठावीस छातीचा, खिसा फाडणारा," असं तो म्हणतो आणि मला बरोबर कळतं कोण ते.

मग साथ आली आणि शाळा बंद झाली. आधी पंधरा दिवस म्हणाले, मग महिना म्हणाले, मग काही म्हणायचंच सोडून दिलं. कापून ठेवलेले शर्ट गठ्ठा बांधून माळ्यावर गेले आणि आम्ही दवाखान्यासाठी उशांचे अभ्रे शिवायला लागलो. अभ्र्याला ना खांदा ना कॉलर. भाऊ म्हणायचा, "ही शिलाई नाही, शिक्षा आहे." पण रोज नवा गठ्ठा यायचा. एवढ्या उशा कुणाला लागताहेत, हे आमच्यापैकी कुणी मोठ्याने विचारत नव्हतं.

शाळेकडून फोनवर निरोप यायचे. मुलांना घरातल्या रोजच्या कामांतून शिकवा, म्हणे. उंटावरून शेळ्या हाकायला यांचं काय जातं! मी भावाला सरळ म्हटलं, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तू चौथी नापास, मी तिसरीत घरी बसवलेली." तो रागावला नाही. त्याने टाचणीला उचलून कापायच्या टेबलावर बसवलं आणि म्हणाला, "आजपासून ही शाळा."

आणि खरं सांगते, त्याने शिकवलं. कापडाची एक घडी घातली की अर्धं, दुसरी घातली की पाव. उलगडून त्यातल्या एका भागावर खडूने फुली मारायची, राहिलं ते पाऊण. आठवड्याभरात ती सव्वा आणि दीड असं काही फेकायला लागली की मीच गोंधळायचे. मी चुलीपुढे असले की ती मला विचारायची, "आत्या, चार माणसांना एवढं पाणी तर तिघांना किती?" मी म्हणायचे, "डोळ्यांनी बघून टाकते बाई मी," आणि ती माझ्याकडे फार दयेने बघायची.

वाचन कशावर? तर कटिंगच्या कागदांवर. शर्टाचे कागदी आकार जुन्या वर्तमानपत्राचे कापलेले असतात. बाहीच्या कागदावर एखादी बातमी सुरू व्हायची आणि बाही खांद्याला जोडतात त्या मुंढ्याच्या गोलाईपाशी तुटायची. पुढचं वाक्य टाचणीने मनाने करायचं. पुलाच्या उद्घाटनाला आलेला एक पुढारी तिने मुंढ्यापाशी थेट नदीत पाडला, तेव्हा भाऊ मशीन थांबवून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. भावजय गेल्यापासून त्याला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

हे सगळं कशासाठी चाललं होतं, ते आम्हा तिघांना पाठ होतं. चौथीनंतरची मोठी शाळा बाजाराच्या पलीकडे आहे. तिथे जागा मोजक्या आणि त्या वर्षी त्यांनी चाचणी ठेवली होती. तीसपैकी वीस गुण मिळाले तर पाचवीत प्रवेश, नाहीतर पुन्हा वर्षभर चौथीत. भावाला दुसरं काही नको होतं. "ही या मशीनवर बसायची नाही," तो मला बजावायचा. जणू मीच तिला ओढून बसवणार होते.

आता त्या टेपचं सांगते. भावाची मोजायची टेप तो ज्याच्या हाताखाली शिकला त्या म्हाताऱ्या मास्तरांची. एकदा तिचं टोक गरम इस्त्रीखाली गेलं आणि पहिले दोन इंच जळले. मास्तरांनी जळका तुकडा कापला आणि टोक इतकं सुबक दुमडून शिवलं की ती टेप कारखान्यातूनच तशी आली असावी असं वाटे. तेव्हापासून मोजायचं, जो आकडा दिसेल त्यातून दोन काढायचे आणि तो सांगायचा. भाऊ ते वीस वर्षं करतोय. तीस दिसतात आणि तोंडातून अठ्ठावीस येतात. आपण काही वजा करतो हेसुद्धा तो विसरून गेला होता.

टाचणीला मापं घ्यायला शिकवताना त्याने एवढंच सांगितलं, "आधी आकडा बघ, मग दोन काढ." का काढायचे ते सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. कपाट, दार, मशीनचा पाय, माझी वेणी, सगळं तिने मोजून काढलं आणि प्रत्येक वेळी बिनचूक दोन वजा केले. मी समोर बसून काजं करत होते. मलाही टेप ठाऊक होती. माझ्या डोक्यात काही आलं नाही. राग येतो तो भावाइतकाच माझाही येतो.

चाचणीच्या दिवशी ती नव्या गणवेशात गेली आणि उड्या मारत परत आली. "सोपं होतं," म्हणाली, "फक्त एक गणित चुकीचं छापलं होतं."

चार दिवसांनी निकाल लागला. तीसपैकी सतरा.

भाऊ मोठ्या शाळेत जाऊन पेपर बघून आला. बाकी बहुतेक सगळं बरोबर होतं. पण एक अख्खा भाग मोजमापाचा होता. पट्टी दिलेली, ती लावायची आणि चित्रातल्या वस्तूंची लांबी लिहायची. पेन्सिल सात होती, तिने पाच लिहिलं होतं. चमचा बारा, तिने दहा. पट्टी आजवर तिने रेघा मारायलाच घेतली होती, मोजायची म्हटल्यावर तिला घरचीच रीत माहीत. शेवटी एक छोटीशी रेघ होती, एकाची. तिथे तिने काहीच लिहिलं नव्हतं. एकातून दोन कसे जाणार?

दुसऱ्या दिवशी भाऊ ती टेप खिशात घालून पुन्हा शाळेत गेला. मीही बरोबर गेले. त्याने टेप मोठ्या बाईंच्या टेबलावर उलगडली, दुमडलेलं टोक दाखवलं आणि म्हणाला, "बाई, चूक माझी आहे. पोरीची नाही." बाईंनी टेप हातात घेऊन पाहिली. वाईट नव्हत्या बिचाऱ्या. पेपर पुन्हा काढून त्यांनी तो भाग तपासला, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्यांना पटलं आहे.

"पण यादी वर गेली आहे हो," त्या म्हणाल्या. "जागा भरल्या. वरातीमागून घोडं आणलंत. पुढच्या वर्षी नक्की होईल तिचं." आणि आम्ही उठताना बरं वाटावं म्हणून म्हणाल्या, "वजाबाकी मात्र चोख आहे तिची."

आम्ही घरी आलो. टाचणी दारातच उभी होती. तिने विचारलं, "बाबा, मी कुठे चुकले?" आणि माझा भाऊ चपला काढून थेट मशीनवर जाऊन बसला. तीन दिवस त्याने तिला टेपचं काही सांगितलं नाही. तीन दिवस त्या पोरीने गणिताची वही उघडून प्रत्येक उदाहरण पुन्हा पुन्हा केलं. चौथ्या दिवशी मी कात्री टेबलावर आपटली. "तू सांगतोस की मी सांगू? ती स्वतःला मठ्ठ समजायला लागली आहे!"

त्याने सांगितलं. तिच्यापुढे खाली फरशीवर बसून, टेपचं टोक उसवून, सगळं. "मी शिकवलेलं चुकीचं होतं, म्हणून तू नापास झालीस," असं स्पष्ट म्हणाला.

टाचणीने उसवलेल्या टोकावर बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाली, "मला दिसलं होतं."

"काय दिसलं होतं?"

"पट्टीवर शून्य होतं. आपल्या टेपवर नसतं. मला वाटलं, इथे दोन काढायचे नसतील. मी आधी पेन्सिलीचे सातच लिहिले होते, मग खोडले."

"अगं, मग खोडलेस कशाला?"

"तुम्ही सांगितलं होतं ना," ती म्हणाली. "तुम्ही कसे चुकाल?"

भावाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी उठून आत गेले, उगाच भांडी घासत बसले. लहान मुलाने आपल्यावर इतका विश्वास टाकू नये असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

शाळा उघडली तेव्हा ती पुन्हा चौथीच्या वर्गात जाऊन बसली. तिच्या बरोबरीच्या पोरी बाजारापलीकडे गेल्या होत्या. ही शेवटच्या बाकावर, इतरांपेक्षा वीतभर उंच. चार दिवस गेली. पाचव्या दिवशी पोट दुखतं म्हणाली, सहाव्या दिवशी डोकं. भावाने समजावलं, ओरडला, एकदा हात धरून दारापर्यंत नेलं. ती रडली नाही, फक्त पाय रोवून उभी राहिली. शेवटी त्यानेच हात सोडला. "राहू दे थोडे दिवस," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. मलाही थोडे दिवसच घरी बसवलं होतं. त्याला चाळीस वर्षं होत आली.

गणवेशांची कामं एकदम आली होती. दीड वर्षात सगळी पोरं वाढलेली, सगळ्यांना नवे शर्ट हवे. रिकामं कशाला बसायचं म्हणून टाचणीने आधी दोरे तोडले, मग टीप मारली, मग कॉलर लावायला घेतली. कॉलर लावणं सोपं नाही, मला आजही धड जमत नाही.

गेल्या आठवड्यात एक बाई मुलाचा शर्ट न्यायला आली. मुलगा मोठ्या शाळेत पाचवीत, टाचणीच्याच जुन्या वर्गातला. बाईने कॉलर उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "ही कुणी लावली हो?" भावाने मानेनेच मुलीकडे दाखवलं.

"अगं बाई! एवढ्याशा पोरीने?" ती म्हणाली. "हात बसलाय की हिचा. मास्तर, पोरगी तयार झाली तुमची."

भाऊ मशीनवरून उठला आणि बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिला. टाचणी मात्र हसली, अगदी कानापर्यंत. कितीतरी महिन्यांनी तिला कुणीतरी पास केलं होतं.