आधी वहिनी, मग मी

मंदाकिनीबाईंचे यजमान अच्युतराव जाऊन चार वर्षं झाली होती, आणि त्यांचे जिगरी दोस्त गुलाबराव दीड वर्षापासून 'सहज' येत होते. कधी सिलिंडर बदलायला, कधी नळाचा वायसर बसवायला. स्वयंपाकघरातला नळ त्यांनी इतक्यांदा दुरुस्त केला की तो बिचारा बिघडायचंच विसरला. तरी गुलाबराव येतच राहिले.

ते कशासाठी येतात हे न कळायला बाई काय कुकुलं बाळ होत्या? वीज ऑफिसात तीस वर्षं तक्रारी ऐकलेली बाई ती. समोरच्यानं तोंड उघडायच्या आत तिला सगळं कळे. पण हा माणूस तोंड उघडायचा आणि बाहेर पडायचं काय, तर "वहिनी". दोस्ताची बायको म्हणून तिशीत चिकटवलेला शब्द, साठीत काही केल्या निघेना. बाईही तशाच, "भाऊजी, चहा टाकू का?" आता भाऊजीनं वहिनीला लग्नाचं विचारावं कसं? गुलाबराव जन्मभर मालगाडीचे गार्ड. शेवटच्या डब्यातलं म्हणणं इंजिनापर्यंत पोचायला वेळ लागायचाच.

पण आता वेळ नव्हता. बंगळुरूच्या अनिमेषनं, बाईंच्या मुलानं, फोनवर धोशा लावला होता. "आई, अब यहीं आ जाओ, परमनेंट." बाईंना रायपूर सोडायचं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर गुलाबरावांना सोडून जायचं त्याहून नव्हतं. रविवारी सांगते, म्हणाल्या. शनिवारी त्यांनीच गुलाबरावांना जेवायला नेलं, शंकर नगरातल्या नव्या व्हिएतनामी हॉटेलात. असलं खायला आपल्यातलं कुत्रंही फिरकणार नाही, असा हिशेब.

दारावर कंदील, भिंतीवर फ्रेंच मेमांची चित्रं. वेटर वाकून म्हणाला, "सर, पहले बान्ह मी?"

"नाही," गुलाबराव म्हणाले. "आधी वहिनी, मग मी."

बान्ह मी हा पावात भाजी भरलेला पदार्थ आहे, हे समजायला पाच मिनिटं गेली. फ्रेंचांनी तिथं राज्य केलं, त्यांचाच हा पाव, असं वेटरनं कौतुकानं सांगितलं.

"म्हणजे तिथं फ्रेंच गेले, पाव राहिला," गुलाबराव म्हणाले. "अन् इथं रायपुरात नागपूरचे भोसले राज्य करून गेले, तुमचं माहेर राहिलं."

बाईंना हसू फुटलं. या माणसानं असंच बोलत राहावं आणि आपण असंच ऐकत राहावं, असं त्यांना फार वाटलं. पण तेवढ्यात सूप आलं. त्यात गवती चहा पाहून गुलाबराव म्हणाले, "कोणाले सर्दी झाली का? अन् याले फोडणी काहून नाही?" मग पांढरे, पातळ, गोल पापड आले, सोबत चिरलेल्या भाज्या आणि दाण्याची चटणी. गुलाबरावांनी एक पापड कडकन मोडून चावला आणि वेटरला बोलावलं. "भैया, ये तो भूनना भूल गए."

वेटरनं कोमट पाण्याचं ताट आणलं आणि समजावलं. पापड पाण्यात बुडवायचा, मऊ झाला की भाज्या गुंडाळायच्या.

"पापड पाण्यात?" गुलाबराव म्हणाले. "आमची माय असती तर फ्रेंच यायच्या आधी तिनंच या लोकायले हाकललं असतं."

बाईंनी पापड भिजवला, गुंडाळला आणि त्यांच्या ताटात ठेवला. गुलाबरावांनी हातरुमाल काढला, कपाळ पुसलं, घसा खाकरला. "मी काय म्हणून राहिलो होतो, वहिनी..."

झालं. गाडी पुन्हा त्याच सिग्नलला.

आणि नेमकी तेव्हाच क्षमाताई आत शिरली, लेक रूपालीसकट. ही क्षमाताई म्हणजे संक्रांतीला अख्ख्या शंकर नगरातल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावणार, आणि अच्युतराव गेल्यापासून मंदाकिनीबाईंना तेवढं वगळणार. वर म्हणणार, "तुम्हालाच वाईट वाटेल ना." बाईंना या गोष्टीचा अजून संताप येई.

क्षमाताई सरळ टेबलाशीच आली. "अगंबाई, मंदाताई? अन् हे तर गुलाबराव. तुम्ही दोघं, इथं?"

गुलाबराव उभे राहिले. रुमाल पडला. "नाही, ते... वहिनींना जरा पाव..." रूपाली जमिनीकडे बघू लागली. बाईंना कळून चुकलं, की हे वाक्य त्यांनी 'वहिनी' म्हणतच पुरं केलं तर उद्या सकाळी अनिमेषला हो म्हणावं लागणार.

त्यांनी क्षमाताईकडे पाहिलंही नाही. पापडाचा दुसरा रोल उचलला आणि म्हणाल्या, "अहो, बसा ना. ती चटणी सरकवा इकडे."

पुढे भाऊजी नाही, राव नाही. नुसतं अहो, आणि तेही घरातल्या सुरातलं. क्षमाताईचं तोंड उघडं ते उघडंच. चाळीस वर्षं स्वतःच्या नवऱ्याला 'अहो' म्हणूनच हाका मारलेली ती, हा सूर तिला कळणार नाही तर कोणाला?

गुलाबराव हळूच खाली बसले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्यांनी वाटी उचलली, बाईंच्या पुढे ठेवली.

"घे," ते म्हणाले.